आत बाई उभी राहिली पाहिजे

गाडी कोणतीही असो, त्या बाई आधी मागचं दार उघडायला लावायच्या. चपला खाली काढून ठेवायच्या, आत चढायच्या आणि दोन्ही हात वर करायच्या. अगदी सरळ वर, पोलिसांना शरण आल्यासारखे. बोटं छताला टेकली की उतरायच्या, चपला घालायच्या आणि म्हणायच्या, "न्हाई जमायची, भाऊ."

शिरूरच्या बाहेर, हायवेला लागून माझं जुन्या कमर्शियल गाड्यांचं यार्ड आहे. पिकअप, छोटे टेंपो, बंद बॉडीच्या व्हॅन. गाडी घ्यायला माणूस आला की तो काय करतो, हे तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेल. टायरला लाथ घालतो. बॉनेट उघडून, काही कळत नसलं तरी, आत दोन मिनिटं गंभीरपणे बघतो. मग मीटरकडे बोट करून "फिरवलंय का?" असं विचारतो आणि माझ्या उत्तरावर विश्वास ठेवत नाही. इतक्या वर्षांत मला या सगळ्याची सवय झाली होती. हात वर करणारं गिऱ्हाईक मात्र मी पहिल्यांदाच पाहत होतो.

बाई दौंडच्या. बाजारपेठेतल्या एका बोळात त्यांचं लेडीज टेलरचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन मशिनी, एक आरसा आणि कोपऱ्यात दोरीवर टाकलेला पडदा. तीस वर्षं त्या ब्लाउज शिवत होत्या. उंची चार फूट दहा इंच, गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला कायम टेप, आणि नजर अशी की समोरच्या माणसाचा खांदा किती उतरता आहे ते त्याच्या नावाच्या आधी त्यांच्या लक्षात यायचं. मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "तुमचा डावा खांदा पाऊण इंच खाली हाय. मोबाईल त्याच कानाला धरता व्हय?"

बरोबर त्यांचे यजमान असायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, मालगाडीचे गार्ड. उंच, किडकिडीत, बोलायला महाग. बाई त्यांना "गार्डसाहेब" म्हणायच्या, मी आबा म्हणायचो. बाई गाडीत चढल्या की आबा त्यांच्या चपलांजवळ उभे राहायचे. चपला कुणी नेणार नव्हतं, पण त्यांना काहीतरी राखायची सवय असावी.

पहिल्यांदा मी त्यांना बेकरीची व्हॅन दाखवली. पाव-खारी पोचवणारी, बंद बॉडीची. इंजिन चांगलं, टायर नवे. माझं नेहमीचं सुरू झालं. ॲव्हरेज किती, वजन किती ओढते, घाटात दम लागत नाही.

"आत बाई उभी राहील का?" बाईंनी विचारलं.

"मावशी, ही मालाची गाडी आहे."

"व्हय, पण बाई उभी राहील का?"

त्या चढल्या. आत पाच फूट उंची होती, म्हणजे त्या आरामात मावत होत्या. मी म्हणालो, "राहताय की उभ्या!"

"मी ऱ्हाते. पर माझी समदी गिऱ्हाइकं काय माझ्याएवढी हायेत? आन् नुसतं उभं राहून काय करू? ब्लाउज घालायचा म्हंजी हात वर जायाला नकोत?" असं म्हणून त्यांनी हात वर केले. कोपरं सरळ व्हायच्या आतच पंजे पत्र्याला आपटले. "न्हाई जमायची, भाऊ."

त्यांना गाडीत फिरतं टेलरिंग दुकान काढायचं होतं, हे मला तेव्हा कळलं. गावोगावी जायचं, गाडीतच माप घ्यायचं, गाडीतच फिटिंग बघायचं. मला वाटलं, हौस असेल. निवृत्तीनंतर लोकांना कसकसल्या हौशी सुचतात. कुणी गाणं शिकतं, कुणी गावात निवडणुकीला उभं राहतं.

त्यानंतर बाई दर पंधरवड्याला यायच्या. गुरुवारी, कारण गुरुवारी दौंडचं दुकान बंद. दोन एसट्या बदलून दोघं यायचे, आणि मी नवी आलेली गाडी दाखवायचो. एकदा एका कंपनीची, कामगारांचे डबे पोचवणारी गाडी होती. तिला आमटीचा वास होता. बाईंनी आत हुंगलं आणि म्हणाल्या, "ह्यात शालू घालून बघितला तर नवरी मांडवात वरणासारखी वास मारंल." एकदा शाळेची व्हॅन आली. तिला चारी बाजूंनी काचा होत्या. बाई चढल्याच नाहीत. "ह्यात माप घ्यायचं म्हंजी तमाशाच लावायचा की."

मग मला एक रुग्णवाहिका मिळाली. जुनी, पण उंच छताची. मागचं दार दोन झडपांचं. मी स्वतः फोन केला. बाई आल्या, चढल्या, हात वर केले. बोटं छताला टेकली नाहीत. मी मनात म्हटलं, सुटलो. बाईंनी आतून दार लावून घेतलं आणि बराच वेळ आतच राहिल्या. आबा चपलांजवळ आणि मी आबांजवळ.

उतरल्यावर म्हणाल्या, "उंची झकास हाय. पर न्हाई."

"आता काय झालं?"

"ही गाडी दारात लागली की सासू आतनं पळत येऊन इचारंल, कोण आजारी हाय म्हणून. आन् माझ्या बायांस्नी त्ये आजारपणच इसरायचं हाय."

शेवटचं वाक्य माझ्या कानावरून गेलं. मला फक्त एवढंच ऐकू आलं की ही गाडीही जाणार नाही. आमच्या मेकॅनिकला मी खुणेनं सांगितलं, तोही हसला. खरं सांगायचं तर बाई यायच्या त्या गुरुवारी यार्डात जरा करमणूकच असायची. त्या निघून गेल्या की मेकॅनिक एखाद्या टेंपोत चढून हात वर करायचा आणि त्यांच्या आवाजात "न्हाई जमायची" म्हणायचा. मीही हसायचो. रंगकाम करणारे दोघे परप्रांतीय कारागीर होते, त्यांना मराठी फारसं कळत नव्हतं, पण तेही हसायचे. बाईंना हे माहीत नव्हतं असं मला वाटायचं. पुढे कधीतरी त्या सहज म्हणाल्या, "तुमचा तो मिस्त्री माझी नक्कल करतो, पर हात वाकडे धरतो. त्याला म्हणावं, कोपरं कानाला लागली पायजेत."

दारालाही त्यांची एक अट होती. कडी आतून लागली पाहिजे. मालाच्या गाडीला आतून कडी नसते, कारण माल आतून दार लावून घेत नाही. हे मी त्यांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, "मंग तेवढी बसवून द्या."

असं जवळजवळ वर्ष गेलं. मी त्यांना गिऱ्हाइकात मोजायचं सोडून दिलं होतं.

एका सोमवारी सकाळी बाईंचा फोन आला. सोमवार हा त्यांचा वार नव्हता. "भाऊ, ती पावाची गाडी हाय का आजून?"

होती. बाकीच्या गिऱ्हाइकांनाही ती काही ना काही कारणानं नकोच होती.

"आज मला टेस्टला पायजे. दिवसभर. तुम्ही चालवायची."

"मावशी, टेस्ट म्हणजे इथून पुलापर्यंत आणि परत."

"मला इंजिन न्हाई टेस्ट करायचं," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. मी हो म्हणालो.

त्या एकट्याच आल्या. स्टँडवर त्यांना घेतलं. बरोबर एक गाठोडं, एक प्लॅस्टिकचं स्टूल आणि चादरीत गुंडाळलेला आरसा. न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. उसाचा हंगाम होता, पुढे ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या डुलत चाललेल्या. एरवी ट्रॅक्टरवाल्याच्या शर्टाची शिलाई कुठं उसवलीय हेसुद्धा सांगणाऱ्या बाई त्या दिवशी गप्प होत्या. घोड नदीच्या काठचं एक गाव. त्याचं नाव मी सांगणार नाही, का ते पुढं कळेल. गावातही आम्ही गेलो नाही. अलीकडेच एका वस्तीपासून लांब, बाभळीखाली त्यांनी गाडी थांबवायला लावली.

"आता तुम्ही तिकडं रस्त्याच्या मोरीवर जाऊन बसा. नदीकडं तोंड करून. मी हाक मारंस्तवर वळायचं न्हाई."

मी गेलो. जाताना एवढंच दिसलं की उसाच्या कडेनं एक बाई येतेय. साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट घातलेला. आमच्याकडे रानात काम करणाऱ्या बायका घालतातच तसा, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मी मोरीवर बसलो आणि चिडत राहिलो. यार्डात गिऱ्हाईक येऊन गेलं असेल, डिझेल माझं, आणि मी इथं नदीतले बगळे मोजतोय.

तासाभरानं हाक आली. ती बाई निघून गेली होती. टेलरबाईंच्या गुडघ्यांना धूळ लागली होती आणि केसांत पावाचा चुरा. गाडीत बसल्या. मग पुढच्या काचेकडे बघतच म्हणाल्या, "मी तिला वाकवली, भाऊ."

मला कळलं नाही.

"उंच बाई हाय ती. त्या पाच फुटाच्या डब्यात वाकून उभी ऱ्हायली. आप्रेशन झाल्याली बाई. मी तिला वाकून उभी केली, आन् मी गुडघ्यावर बसून माप घेतलं."

मग त्यांनी सांगितलं. त्या बाईंचं छातीचं ऑपरेशन झालं होतं, एक बाजू काढलेली. दीड वर्ष झालं होतं. जीव वाचला, पण तेव्हापासून त्या नवऱ्याचा शर्ट घालून वावरत होत्या, घरात आणि रानात. कुठल्या कार्याला नाही, बाजाराला नाही, माहेरी नाही. एकदा कुणीतरी त्यांना दौंडच्या दुकानाचं सांगितलं. त्या आल्या. बोळात दुकानासमोर सणाची गर्दी, आत पडदा एकच, आणि पडद्याच्या अलीकडे पाच जणी ताटकळत उभ्या. पायरीवरूनच माघारी गेल्या.

"मी मशिनीवरनं बघितलं तिला," टेलरबाई म्हणाल्या. "हाक मारली. तवर ती रिक्षात बसलीबी. मंग मीच चौकशी काढली. घरी जाऊन माप घ्यावं म्हणलं, तर घर सोळा माणसांचं. दाराला कड्या न्हाईत, पडदं हायेत. कवाबी कोणबी येतंय. अशी ती एकटीच न्हाई, भाऊ. मला आतापतूर चौघी ठाव हायेत. ज्या सांगत न्हाईत त्या किती, कुणास ठाऊक."

मी गाडी हळू केली. मला वर्षभराच्या गुरुवारांचा हिशोब लागत होता. उंची, कडी, काचा, रुग्णवाहिका. एकेक गोष्ट.

"त्या वाकल्या तरी माप मिळालं ना?" मी शेवटी विचारलं. काय विचारावं हे न सुचलेल्या माणसाचा प्रश्न.

"बाईला वाकून माप देता येत न्हाई. वाकली की माप चुकतं. मागचा भाग लांबतो, पुढचा आखडतो. मी अंदाजानं घेतलंय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे कुणाला बोलायचं न्हाई. गाव तर न्हाईच."

त्या बाईंच्या लेकीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. आणि त्यांनी घरी सांगून टाकलं होतं की मी मांडवात येणार नाही, आतच बसेन.

पुढचे तीन आठवडे पावाची गाडी विकायची नाही, असं मी मेकॅनिकला सांगितलं. त्यानं कारण विचारलं. मी म्हणालो, "टेस्ट चाललीय."

मी अजून दोनदा मोरीवर जाऊन बसलो. एकदा अंदाजाचं माप सुधारायला, एकदा फिटिंगला. फिटिंगच्या दिवशी बाईंच्या मांडीवर एक छोटी कापडी पिशवी होती. हात लावू का विचारलं तर म्हणाल्या, "लावा की. मोहरी हाय." बाळाच्या उशीत भरतात तशी मोहरी, मऊ मलमलच्या पिशवीत. ती ब्लाउजच्या आत, आतल्या खिशात बसायची. "नुसता कापूस घातला की चालताना वर सरकतो. वजन पायजे. दोन्हीकडं सारखं वजन असलं म्हंजी खांदा आपसूक सरळ ऱ्हातो." वजनाचं हे गणित त्या कुठून शिकल्या म्हणून विचारलं. म्हणाल्या, "स्वतः बांधून हिंडले की आठ दिवस, सैपाक करताना, मशिनीवर. एकदा भाकरी थापताना शिवण उसवली आन् परातीत मोहरी सांडली. गार्डसाहेब म्हणाले, आज फोडणी आधीच घातली व्हय?"

लग्न होऊन गेल्यावर मी फोन केला. लग्नाला मला बोलावणं असायचं कारण नव्हतं, पण चैन पडेना.

"हळदीलाच आली," बाई म्हणाल्या. "शर्टाबिगर."

एवढंच. मग लगेच, "बाहीत जरा चूक झाली माझी. डावा हात तिचा अजून पुरता वर जात न्हाई, मुंढा सैल पायजे होता." आणि पुढची पाच मिनिटं मी मुंढ्याबद्दल, म्हणजे खांद्याशी बाही जोडतात त्या घेराबद्दल, ऐकत राहिलो.

त्याच फोनवर मी म्हणालो, "मावशी, एक सांगू? तुम्हाला रेडीमेड गाडी मिळायचीच नाही. नुसती केबिन आणि चॅसी घ्यायची, मागं काहीच नसलेली. आणि बॉडी तुमच्या मापानं शिवून घ्यायची."

पलीकडे शांतता. मला वाटलं, बाई भारावल्या.

"वरीस झालं मी तुमच्याकडं हेलपाटं घालतीया," बाई म्हणाल्या, "आन् तुम्ही हे आत्ता सांगताय?"

मी टेलर असतो तर त्यांनी माझ्याकडून कापड परत घेतलं असतं.

बॉडी बांधायला मी त्यांना कोरेगाव भीमाच्या एका फॅब्रिकेटरकडे नेलं. माणूस पाबळला वेल्डिंग शिकलेला, हाताला स्वच्छ, पण स्वभावानं ताठ. आपण सांगू ते गिऱ्हाइकानं ऐकायचं, अशी त्याची रीत. आजवर ती चालत आलेली. बाईंनी टेप काढला तेव्हा तो म्हणाला, "मावशी, तुम्ही फक्त लांबी-रुंदी सांगा, बाकी आमच्यावर सोडा."

"बाकी म्हंजी काय?"

"डिझाइन."

"तुझी मंडळी ब्लाउज टेलरवर सोडून देते व्हय? कुठला बी गळा, कसली बी बाही?"

त्यानं निमूट वही काढली. पण खरी गंमत पुढे झाली. बाई त्याला दाराच्या चौकटीचं सांगत होत्या. "हितं दोन इंच माया ठेव."

"काय ठेवू?"

"माया."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. शिवणीत आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला टेलर माया म्हणतात, हे मलाही त्याच दिवशी कळलं. अंगानं माणूस भरला की शिवण उसवायची आणि मायेतून वाढवायचं. फॅब्रिकेटर म्हणाला, "मावशी, लोखंडात माया राहत नसते." बाई म्हणाल्या, "तू ठेव, ऱ्हाती का न्हाई ते मी बघते." शेवटी त्यानं आतल्या फळ्या सरकत्या केल्या. पुढे तो दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही विचारायला लागला म्हणे, "माया किती ठेवू?"

गाडी पासिंगला गेली तेव्हा मी बरोबर होतो. तपासणी करणाऱ्या साहेबांनी आत डोकावून पाहिलं. सात फूट उंची, छताला उजेडासाठी दुधी काच, एका बाजूला मशीन, भिंतीला उंच आरसा, आणि दाराला आतून पितळी कडी.

"हे काय आहे? वडापाव?"

"न्हाई साहेब. ट्रायल रूम."

साहेबांनी टेपनं उंची मोजली आणि कागदावरच्या आकड्यापेक्षा अर्धा इंच जास्त भरते म्हणाले. बाईंनी आपला टेप काढला. म्हणाल्या, "तुमचा पत्र्याचा टेप मधी वाकलाय. ताणून धरा. मी खालचं टोक धरते." साहेबांनी धरलं. बरोबर भरलं. मी जन्मात पहिल्यांदा अशा साहेबांना एका बाईच्या सांगण्यावरून टाचा उंचावून उभं राहिलेलं पाहिलं.

राहता राहिला चालवायचा प्रश्न. मी एक चांगला ड्रायव्हर सुचवला. बाई म्हणाल्या, "गडीमाणूस पुढं बसला तर मागं कोण चढंल?" म्हणजे त्या स्वतः चालवणार होत्या. वय छप्पन्न. परवाना काढण्यापुरतं एका ट्रेनिंग स्कूलात शिकल्या आणि सरावाला माझ्या यार्डात यायच्या. सीटवर दोन उशा. अडचण उंचीची नव्हती, पायांची होती. तीस वर्षं पाय-मशीन चालवून त्यांच्या दोन्ही पायांना एकदमच वर-खाली व्हायची सवय. क्लच आणि ब्रेक त्या तालात दाबायच्या. गाडी टाके घालत चालावी तशी चालायची. मी शेजारी बसून मान सांभाळायचो. मेकॅनिक, ज्यानं वर्षभर त्यांची नक्कल केली होती, तो आता यार्डातल्या सगळ्या गाड्या कडेला घेऊन ठेवायचा आणि कुंपणाशी उभा राहून पुटपुटायचा, "मावशी, डावा... नुसता डावा..."

मागं घेताना आबा मागे उभे राहायचे. गार्डचे हातवारे अजून पक्के होते, पण ते मालगाडीचे. त्यांनी एक हात आडवा धरला की त्याचा अर्थ आम्हा कुणाला लागायचा नाही, बाईंना मात्र लागायचा. एकदा नाही लागला आणि माझ्या ऑफिसची पायरी गेली. बाई उतरल्या, पायरी बघितली आणि आबांना म्हणाल्या, "सिग्नल उशिरा दिलात." आबा म्हणाले, "गाडी लवकर आली." एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून तोवर ऐकलं नव्हतं.

गाडीवर नाव काय टाकायचं, यावर मी बऱ्याच सूचना केल्या. बाईंनी काहीच टाकलं नाही. "नाव टाकलं की लोक वाचत्यात. वाचलं की इचारत्यात." नुसती पांढरी गाडी. दौंड आणि शिरूरच्या मधल्या गावांतून ती फिरायला लागली. गावात ब्लाउज शिवायची गाडी आली म्हटलं की सगळ्याच बायका यायच्या, नव्या नवऱ्या, मास्तरणी, सरपंचबाई. त्या गर्दीत कोण कशासाठी चढली, हे बाहेरून कुणालाच कळायचं नाही. बाईंनी ते तसंच योजलं होतं.

पाच वर्षं त्यांनी गाडी चालवली. आता बाई दौंडला नाहीत. गुडघ्यांनी क्लच दाबायचं नाकारलं, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि मुलीनं दोघांना सांगलीला नेलं. गाडी त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या दोघीजणी फिरवतात. त्या गाडी नीट चालवतात. खरं सांगायचं तर टाके न घालता चालणारी ती गाडी बघायला मला अजून सवय झालेली नाही.

त्यांची-माझी शेवटची भेट, म्हणजे तिला भेट म्हणायची का हा प्रश्नच आहे, इनामगावच्या अलीकडे झाली. गाडीच्या फिटनेसचे कागद द्यायला गेलो होतो. एका चिंचेखाली गाडी उभी होती, दार बंद. दोन बायका सावलीत बसलेल्या. गाडीपासून वीस पावलांवर आबा स्टुलावर बसून वाटाणे सोलत होते, गाडीकडे पाठ करून. मी हाक मारणार तोच त्यांनी बोट वर केलं.

"आत बाई हाय. बसा. तिकडं तोंड करा."

मी बसलो. आम्ही दोघे रानाकडे तोंड करून वाटाणे सोलू लागलो. थोड्या वेळानं मी विचारलं, "कंटाळा नाही येत, आबा? असं दिवसभर पाठ करून बसायचं?"

"मालगाडीच्या शेवटच्या डब्यात पस्तीस वर्षं मागं तोंड करून बसलोय," आबा म्हणाले. "हितं निदान गाडी उभी असती."

अर्धा तास झाला. दार उघडेना. मला यार्डात परत जायचं होतं. कागद आबांकडे दिले, मावशींना सांगा म्हणालो आणि उठलो. मोटरसायकलला किक मारणार तेवढ्यात बंद दाराच्या आतून टेलरबाईंचा आवाज आला, चांगला खणखणीत, माप घेताना कुणावर तरी डाफरलेला.

"अगं, सोड की श्वास! पोट आत ओढून माप देतीस व्हय? घरी गेल्यावर जेवणारेस का न्हाई?"

आणि मग आतली कोणीतरी हसायला लागली. आधी दबून, मग मोकळी, मग थांबताच येईना अशी. बाहेर सावलीत बसलेल्या दोघीही हसू लागल्या. आबा मान खाली घालून वाटाणे सोलत राहिले. मीही किक मारायचा थांबलो, आणि आतलं हसू ओसरून मशिनीची टकटक सुरू होईपर्यंत तसाच पाठ करून उभा राहिलो.